उलजिनकरणीचा उकिरडा

आमच्या हानबावी गावात बाईला तिच्या नावानं कुणी हाक मारत नाही. ज्या गावाहून ती नांदायला आली, त्या गावाची ती होते. मी सुनहुंगची, म्हणून सुनहुंगकरीण. शेजारच्या मुन घराण्यात डोंगरापलीकडच्या समुद्रकाठाहून, उलजिनहून आलेली ती उलजिनकरीण. तिचं खरं नाव मला कळलं ते फार पुढे. ते तिला शोभेसं वाटलं नाही, म्हणून मी ते विसरूनही गेले.

ती नवी नवरी असतानाची गोष्ट सांगते. लग्नाचे कपडे अजून घडी घालून ठेवले नव्हते आणि ही बाई सकाळी गोठ्यामागं उकिरड्यात कोपरापर्यंत हात खुपसून उभी. सासू दारात आली आणि किंचाळलीच.

"काय गं हे? सोन्याची अंगठी पडली का तुझी?"

"नाही आत्याबाई. हा तापलाय."

"मग वैद्याला बोलाव!"

हे मी कुंपणापलीकडून ऐकलं आणि तेव्हाच ठरवलं, या घराशी वाकडं घ्यायचं नाही, करमणूक बुडेल.

तिची सासू म्हणजे मुनांची म्हातारी. काटकुळी, पाठीचा कणा काठीसारखा आणि जीभ काठीहून लांब. घरातली कुठलीही गोष्ट घराबाहेर जाऊ द्यायची नाही, हा तिचा धर्म. भाजीची देठं, चुलीतली राख, बैलाखालचा पेंढा, सगळं उकिरड्यात. माणसांचं त्याहून आधी. तिचा मुलगा पानसोक बाजाराला गेला तर परत येताना शेवटचा चढ धावत चढायचा, कारण वाटेत कुठं मोकळा झाला तर आईला ते कसं कोण जाणे कळायचं. पाहुणा आला की त्याला सोयाबीनच्या पातळ कढणाचे वाडग्यामागून वाडगे पाजायचे आणि गप्पा लांबवत न्यायच्या. पाहुणा चुळबुळ करायला लागला की म्हातारी गोड आवाजात म्हणायची, "मागच्या बाजूला आहे हो जागा, लाजू नका." काम झालं की पाहुण्याला जायची परवानगी.

पण म्हातारीचा उकिरडा म्हणजे नुसता साठा. टाकायचं आणि दाबायचं. उलजिनकरीण आली आणि तिनं त्याला जागं केलं. दाताळ्यानं ओढून ती सगळा ढीग उलटा करायची, बाहेरचं आत, आतलं बाहेर. कोरडा वाटला तर भांडी धुतलेलं पाणी शिंपडायची. समुद्राकडून खारवलेले बांगडे घेऊन एक मासेविक्या खिंड ओलांडून यायचा. त्याच्याकडून ती माशांची आतडी मागून घ्यायची, बदल्यात मूठभर सुक्या मिरच्या. बायका ओढ्यावर कपडे बडवताना हसायच्या, "मेलेल्या गवताला कूस बदलायला लावते ही!" तिला त्याचं काही नाही. थंडीच्या सकाळी तिच्या उकिरड्यातून वाफ निघायची आणि गावातली कुत्री तिथं ओळीनं झोपलेली असायची. एकदा तिनं मला तागाच्या फडक्यात गुंडाळलेली अंडी त्यात पुरायला लावली. जेवणवेळेला काढली तर पिवळं छान शिजलेलं आणि पांढरं मात्र थुलथुलीत. मी म्हटलं, उलटंच झालं की! ती म्हणाली, "चूल घाई करते, हा घाई करत नाही." आम्ही दोघींनी मीठ लावून उभ्या उभ्या खाल्ली. कुठल्या आगीवर शिजली ते कुणाला सांगितलं नाही.

सासूसुनेचं खरं भांडण पेटलं ते पेंढ्यावरून. हिवाळ्यात चुलीचा धूर खालून फिरवून खोलीची जमीन तापवायची तर चुलीत पेंढा घालावा लागतो, आणि सून तोच पेंढा उकिरड्याला घालायची.

"माझी हाडं गारठताहेत आणि तू कुजक्याला पांघरूण घालतेस?"

उलजिनकरीण उठून चुलीशी गेली. तिनं चुलीत पेंढ्याची एक मूठ टाकली. भडका उडाला, खोली उजळली, विझली. मग उकिरड्याच्या तळातलं, मुरून काळं झालेलं मूठभर खत आणून निखाऱ्यावर टाकलं. ते नुसतं धुमसलं, एक ज्योत निघाली नाही.

"बघा आत्याबाई. हाही पेंढाच होता. याच्यातली आग गेली."

"कुठं गेली?"

"तो तापला होता ना सगळा हिवाळाभर? तीच ती. याच्यातल्या बारक्या किड्यामुंग्यांनी खाल्ली, आणि त्यांच्या अंगाची ऊब वाफेतून उडून गेली."

म्हातारीनं काठीनं ते खत उलटंपालटं केलं. "म्हणजे माझा पेंढा तू जाळलासच की. फक्त मला शेक न देता जाळलास."

म्हातारीचं म्हणणं खोटं नव्हतं. पण त्या काळ्या खतानं मुनांच्या मिरच्या अशा लागल्या की शेजारच्या गावचे लोक रस्त्यावर थांबून बघायचे. म्हातारीनं त्याचं श्रेय पाहुण्यांना दिलं.

आता मुद्द्याचं सांगते.

लग्न झाल्यापासून उलजिनकरीण माहेरी गेली नव्हती. आमच्याकडं दूरच्या सुना चुसोकच्या, सुगीच्या पुनवेच्या सणानंतर माहेर आणि सासर यांच्या मधोमध, एखाद्या खिंडीत आईला भेटायच्या. दोघी आपापला डबा घेऊन यायच्या, दुपारभर बसायच्या, रडायच्या, हसायच्या आणि संध्याकाळच्या आत आपापल्या वाटेला लागायच्या. पण उलजिन इतकं लांब की मधली खिंडसुद्धा परक्याच मुलखात पडायची. पुढे बस सुरू झाली. बस होती, परवानगी नव्हती. "गेली की परत यायची नाही ही. समुद्राचं पाणी आहे ते," असं म्हातारी म्हणायची. खरी भीती तीच होती, पण ती रागाच्या कपड्यात गुंडाळून ठेवायची.

ज्या वर्षी गावातली गवती छपरं उतरवून सिमेंटचे पत्रे चढले, त्या वर्षी वसंतात मासेविक्या आला आणि टोपली खाली ठेवायच्या आधीच म्हणाला, "वहिनी, तुमच्या आईची नजर जातेय. माणूस अगदी जवळ आलं तर तोंड ओळखते, एवढंच."

उलजिनकरणीनं त्या दिवशी बांगडे घेतले नाहीत. आतडीही घेतली नाहीत. संध्याकाळी ती सासूपुढं गुडघे टेकून बसली आणि चुसोकला माहेरी जाऊ द्या म्हणाली.

म्हातारी नाही म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ओढ्यावर म्हातारीसकट आम्ही सगळ्या बायका असताना तिनं पुन्हा विचारलं. मुद्दाम सगळ्यांसमोर. म्हातारी चिडली. नेमकं त्याच सुमारास गावाचा पुढारी क्वोन दालसू यानं बांबूला बांधलेल्या कर्ण्यावरून गावाला हुकूम सोडला होता की यंदा खताची स्पर्धा आहे. डोंगरावरचं गवत कापा, ढीग लावा, चुसोकच्या आधी कचेरीचा माणूस येऊन काठीनं मोजेल. ज्याचा ढीग सगळ्यात उंच, त्याचा पहिला नंबर, एक फावडं आणि शाबासकीचा टॉवेल.

म्हातारी म्हणाली, "एवढी उकिरड्याची राणी ना तू? आण पहिला नंबर. आणलास तर जा माहेरी. चुसोकच्या चंद्रापासून पुढचा चंद्र भरेपर्यंत राहा. नाही आणलास तर पुन्हा माहेराचं नाव काढायचं नाही."

बायका खूश झाल्या. अशी सवलत म्हातारीनं कुणाला दिली नव्हती. मी मात्र उलजिनकरणीचं तोंड बघितलं. तिला कळलं होतं. चांगला मुरणारा ढीग खाली बसतो. तीन गाड्या घातल्या तर शेवटी एक निघते. म्हातारी आयुष्यभर उकिरड्याशेजारी राहिलेली; तिला हे पक्कं ठाऊक होतं. उंचीच मोजायची तर सगळ्यात वाईट उकिरडा जिंकणार. हरायची पैज म्हातारीनं बरोबर ओळखून लावली होती.

उलजिनकरणीनं सातूची कापणी झाल्या झाल्या ढीग रचायला घेतला. सातूचा पेंढा, ओलं गवत, शेण, राख, माशांची आतडी, एकावर एक थर. पानसोक बिचारा पाठीवर बांधायच्या ओझ्याच्या लाकडी घोडीवरून गवत वाहून वाहून वाकला. ढीग वळचणीच्या वर गेला. लोक बघायला यायचे. मग तो तापला, वाफाळला आणि बसायला लागला. ती उलटवायची, तो आणखी बसायचा. म्हातारी रोज सकाळी काठी टेकत यायची.

"आज कुठवर आला गं तुझा डोंगर?"

"छातीपर्यंत, आत्याबाई."

काही दिवसांनी पुन्हा. "आज?"

"कंबरेशी. थकलाय जरा."

"वय झालं असेल," म्हातारी म्हणायची आणि अशी हसायची की तिचा एकुलता एक दात दिसायचा.

उन्हाळा सरत आला तेव्हा बाकीचं गाव जागं झालं. उंचीच मोजायची ना? मग कुजवतो कोण! वाळलेलं गवत, फांद्या, भाताचं तूस, जे हाताला लागेल ते रचायचं, बाजू कापून चौकोनी करायच्या आणि वर नावाची पाटी खोचायची. दालसूनं तर पोटात लोणच्याचे फुटके रांजण पालथे घातले आणि वरून गवत अंथरलं. बाहेरून बघणाऱ्याला राजवाडा. आमच्या घरच्यांनी जुन्या बैलगाडीची चाकं घातली. मी म्हटलं, "खत काढाल की प्रवासाला निघाल?" त्यावर मला गप्प बस म्हणून सांगण्यात आलं.

मी उलजिनकरणीकडं गेले. वाटलं, रडत असेल. ती उकिरड्याच्या कडेला उकिडवी बसून वारा हुंगत होती.

"सुनहुंगकरणी, एक सांगू? अख्ख्या गावातले उकिरडे उपाशी आहेत."

"असू देत की. उपाशी आहेत म्हणून तर उंच आहेत."

"तेच म्हणते मी," ती म्हणाली आणि तिच्या डोळ्यांत असं काही चमकलं की मी लगेच बादली शोधायला गेले.

माशांच्या आतड्यांचं मुरवलेलं पाणी, आंबट झालेली तांदळाची दारू, आणि वर तिच्या स्वतःच्या खताची मूठ, विरजणाला. हे ढवळून बादली डोक्यावर घेतली आणि दिवसाउजेडी, सगळ्यांच्या देखत, ती घरोघर निघाली. पहिली दालसूकडं.

"भावोजी, तुमचा उकिरडा केवढा देखणा! पण सुकलाय हो. मोजायला येणाऱ्या कारकुनाच्या विडीची ठिणगी पडली तर? थोडं पाजू का?"

दालसूनं मिशीवरून हात फिरवला. "हरलीस म्हणून सेवेला आलीस का?"

"काय करणार भावोजी. जिंकणाऱ्याच्या पायाशी राहिलेलं बरं."

"पाज, पाज. तुझ्या सासूला सांग, दालसूला सून कशी असावी ते कळतं."

ती बादली ओतत होती आणि मी मोठ्या खुंट्यानं ढिगाला वरून खालपर्यंत भोकं पाडत होते. दालसूनं विचारलं, हे कशाला? ती म्हणाली, "एवढा मोठा आहे, श्वास नको का घ्यायला?" त्याला पटलं. त्यानं स्वतः आणखी भोकं पाडली. मग ओढ्याचं पाणी आणूनही ओतलं.

अशा आम्ही सगळ्या घरांत फिरलो. आमच्याही. आमच्या घरच्यांनी तर तिला बसवून काकडी खायला दिली.

काही दिवसांतच गावभर वाफा निघायला लागल्या. दालसू आनंदानं वेडा. येणाऱ्याजाणाऱ्याचा हात धरून ढिगात खुपसायचा, "बघ, कसा कढत आहे! असा उकिरडा तालुक्यात नाही!" मग एका सकाळी त्याला वाटलं, नावाची पाटी वाकडी झालीय. दुसऱ्या दिवशी वाटलं, कुंपण उंच झालंय. त्यानं वरून ताजं ओलं गवत चढवलं. ढिगानं तेही खाल्लं आणि आणखी मागितलं. दालसू चढवत राहिला, ढीग बसत राहिला. आमच्याकडं एक चाक कुशीतून बाहेर आलं. आमच्या घरच्यांनी ते घाईघाईनं झाकलं तर दुसऱ्या बाजूनं दुसरं निघालं.

म्हातारी गावातून एक फेरी मारून आली. सुनेच्या रिकाम्या बादलीत डोकावली. मग म्हणाली, "आज रात्रीच्या कढणात मीठ जास्त घाल." हे कौतुक होतं की धमकी, आम्हाला कळलं नाही.

मोजायचा दिवस उजाडला. कचेरीतला पे नावाचा कारकून सायकलवर आला, पाठीला लाल-पांढऱ्या पट्ट्यांची लांब काठी बांधलेली. हसतमुख माणूस, शेतकऱ्याचाच मुलगा. आधी दालसूच्या दारात गेला, कारण पुढाऱ्याचा मान.

ढिगाच्या माथ्यावर रांजणांचे गोल गोल तळ उघडे पडले होते. वाफेनं घामेजलेले, उन्हात चकचकणारे. न्हाव्याकडून नुकतेच आलेले चार टकले उकिरड्यात मानेपर्यंत बुडून बसल्यासारखे.

पेनं काठी बाजूला ठेवली. "भाऊ, हे कुठल्या डोंगरावरचं गवत?"

"ते... हवा खेळावी म्हणून, साहेब."

"काढा. गवत-पेंढा-शेण तेवढंच मोजायचं असा नियम आहे."

रांजण काढले तसा राजवाडा फस्सकन खाली बसला. दालसूच्या गुडघ्याच्या जरा वर आला असेल. आमच्याकडची चाकं काढल्यावर तर मोजायला काठी नको, वीत पुरली असती. घरामागून घर असंच. फांद्या, जुनं दार, कोंबड्यांची खुराडी. सगळ्या गावाचा हरवलेला संसार त्या दिवशी सापडला.

शेवटी मुनांच्या गोठ्यामागं आलो. उलजिनकरणीचा ढीग कंबरेएवढा, काळा, भुसभुशीत. आणि त्याच्या माथ्यावर म्हातारी मांडी घालून बसलेली.

"आजी, उतरा. मोजायचंय."

"कंबर धरलीय माझी. शेक घेतेय."

सगळ्यांना कळलं की ती ढीग दाबतेय. म्हातारी बुड हलवून हलवून आणखी रेटून बसली. पण ढीग हलेना. आणि थोड्या वेळानं तिचाच चेहरा बदलला.

"मेला गार आहे की हा!"

"त्याच्यातली ऊब संपली, आत्याबाई," उलजिनकरीण हात जोडून म्हणाली. "जेवढं बसायचं तेवढं बसून झालं त्याचं. आता हत्ती बसला तरी फार खाली जायचा नाही. शेक हवा असेल तर दालसू भावोजींकडं जा. तिथं अजून तापतंय."

दालसूनं मान खाली घातली.

म्हातारी हटेना. "मी नाही उतरत. बघू काय करता!"

पेनं कपाळ खाजवलं. तेवढ्यात उलजिनकरीण म्हणाली, "राहू द्या साहेब, थोरामोठ्यांना उठवायचं कशाला? आहे तसं मोजा. माथ्यापर्यंत."

पेनं काठी उभी केली आणि म्हातारीच्या अंबाड्याशी नजर लावली. "मग तर हा ढीग तालुक्यात पहिला येतो!"

म्हातारीला एवढ्या चटकन खाली उतरताना मी त्याआधी बघितलं नव्हतं आणि नंतरही नाही. खत झटकत बाजूला उभी राहिली. पेनं पुन्हा मोजलं, म्हातारीवाचून. तरीही गावात सगळ्यात उंच तोच. टॉवेल उलजिनकरणीच्या हातात पडला, तिनं तो दोन्ही हातांनी सासूपुढं धरला.

म्हातारीनं टॉवेल घेतला नाही. घरात निघून गेली.

मग दोन-तीन दिवस ती सुनेशी बोलली नाही. चुसोक तोंडावर आलेला. उलजिनकरीण तांदळाच्या पिठाच्या करंज्या वाफवताना खाली अंथरायला पाइनच्या पानांचे झुबके निवडत बसायची आणि तिची नजर दाराकडं लागलेली. शब्द दिला होता, पण शब्द देणारं माणूस आपण होऊन उच्चारत नाही तोवर सुनेनं बोचकं कसं बांधायचं? मी म्हटलं, "ओढ्यावरच्या सगळ्या बायका साक्षीला आहेत. आम्ही सगळ्या मिळून येतो." ती म्हणाली, "नको. असं घेतलेलं माहेर गोड लागायचं नाही."

एका सकाळी गोठ्यामागून चाळणीचा आवाज आला. आम्ही दोघी जाऊन बघतो तर म्हातारी उकिरड्यातलं खत चाळत होती. चाळलेलं एका धुतलेल्या पोत्यात भरत होती.

"आत्याबाई, हे कशाला?"

"तुझ्या आईची जमीन रेताड आहे ना? माशावर किती दिवस काढायचे त्यांनी, भाजी नको?" वर न बघता म्हणाली. "मुनांच्या घरची सून माहेरी रिकाम्या हातानं गेली असं उलजिनला बोलायला नको."

उलजिनकरीण पोत्याचं तोंड धरायला वाकली आणि तिचे डोळे त्यात गळायला लागले.

"रडतेस काय! ओलं होईल ते," म्हातारी म्हणाली. "सुकवून ठेवलंय मी दोन दिवस. हलकं झालंय. पोरटं उचलेल."

बसच्या थांब्यावर सोडायला आम्ही सगळे. बसमधली कंडक्टर मुलगी, निळी टोपी, कमरेला पैशांची पिशवी. पोतं बघून तिनं दारातच हात आडवा घातला.

"काय आहे यात?"

"खत," उलजिनकरीण म्हणाली. तिला खोटं बोलता यायचं नाही असं नव्हे, पण त्या क्षणी सुचलं नाही.

"शी! खाली उतरवा. माणसं बसलीत आत."

म्हातारी काठी आपटत पुढं झाली. "ए पोरी, हुंग आधी. मग बोल."

"आजी, बसला उशीर होतोय..."

"हुंगल्याशिवाय बस हलणार नाही. मी समोर बसते. मला बसायचा सराव आहे, विचार या सगळ्यांना."

मुलीनं नाक धरून वाकून पोत्याचं तोंड उघडलं. मग नाक सोडलं. पुन्हा वाकली.

"हे खत आहे?" ती म्हणाली. "हे तर रानात पाइनखाली माती उकरल्यासारखा वास येतोय. आमच्या मामाच्या गावी..." आणि बस खोळंबलीय हे तिच्या लक्षात आलं. "चढा, चढा लवकर!"

बस निघाली. खिडकीतून उलजिनकरणीचा हात हलत होता, वळणापर्यंत. म्हातारी मागून ओरडली, "पोतं मांडीवर घे, खाली ठेवू नको, पाय लागतील लोकांचे!" मग तिथंच उभी राहिली. मी म्हटलं, चला. ती म्हणाली, "परत येईल ना गं ती?" हे एवढं मऊ तिनं कधी विचारलं नव्हतं, म्हणून मी ऐकलं नाही असं केलं आणि तिचा हात धरून चालायला लागले.

उलजिनला काय झालं ते उलजिनकरणीनंच मला नंतर सांगितलं. आई दारात बसून वाळलेलं समुद्री गवत निवडत होती. पावलं ऐकून म्हणाली, कोण? हिनं पोतं उघडून एक मूठ आईच्या तळहातावर ठेवली. आईनं ते बोटांनी चुरलं, हुंगलं.

"चांगलं मुरलंय. कुणी दिलं?"

"सासूनं."

"बरी आहे का ती?"

"नाही. पण चाळून दिलंय."

आई हसली आणि म्हणाली, "मग ये, जवळ ये, अजून जवळ. तुझं तोंड बघू दे." आणि तिनं खतानं काळे झालेले हात तसेच लेकीच्या गालांवर ठेवले.

चंद्र पुन्हा भरला, आणि जरा उतरायलाही लागला, तेव्हा उलजिनकरीण परत आली. उशीर झाला होता. म्हातारीनं त्याचा सगळा दोष बसला दिला.